दुधी काचेआडचा फोन

नाक्यावरच्या सार्वजनिक टेलिफोनच्या खोलीवजा खोक्याची साफसफाई जिच्याकडे होती, तिला सगळे मावशी म्हणत. भिंतीवरच्या लाकडी फोनला ती मेण लावून घासायची, बोलायचा भोंगा फडक्याने पुसायची, फटीत अडकलेलं नाणं केसातल्या आकड्याने मोकळं करायची. नवरा गेल्यापासून घरी बोलायला नुसत्या भिंती होत्या. त्यामुळे फोन वाजला की ती हौसेने उचलायची.

त्या पुरुषाचा आवाज मधाळ होता. "मावशी, समोर वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी राहते ना, तिचा मी थोरला भाऊ. रुसून गेलीय. बरी आहे ना, एवढंच सांगा." मावशी विरघळली. मग तो अधूनमधून फोन करू लागला आणि मावशीच्या जिभेला हाड राहिलं नाही. शिवणवाली बाहेर कधी पडते, कुठे जाते, सोबत कोणी असतं का, सगळं सांगून मोकळी.

एका दुपारी शिवणवाली स्वतःच आत आली. "मावशी, माझी कोणी चौकशी केली तर मी इथे राहत नाही म्हणा. नवऱ्याने माग काढलाय असं वाटतंय."

"आणि तुझा भाऊ?"

"मला भाऊ नाही."

तेवढ्यात घंटी वाजली.

"मावशी, समोरच्या औषधांच्या दुकानातून बोलतोय," मधाळ आवाज म्हणाला. "वर जाऊन आलो. दाराला कुलूप आहे. कुठे गेली?"

खोक्याला दुधी काच होती म्हणून बरं. नळीतून बाहेर आलेला नवऱ्याचा आवाज ओळखून शिवणवाली भिंतीला चिकटून खाली बसली. मावशी म्हणाली, "आत्ताच स्टेशनकडे गेली. हातात पेटी होती. पाय उचला, गाठाल."

दुकानातून निघालेला तो दिसेनासा झाल्याचं दाराच्या फटीतून पाहून मावशी म्हणाली, "त्याला सगळं मीच सांगत होते गं." शिवणवाली अंगावरच्या कपड्यांनिशी उलट्या रस्त्याने निघून गेली. शिवणाचं मशीन वर खोलीतच राहिलं.

संध्याकाळी तो खोक्याच्या दारात येऊन उभा राहिला. "स्टेशनवर नव्हती ती."

"गाडी मिळाली असेल." मावशी पाठमोरीच लाकूड घासत राहिली.

"तुम्ही कुठे राहता, मावशी?"

त्या दिवसापासून ती रोज वेगळ्या वाटेने घरी जाऊ लागली. फोन मात्र वाजायचा. उचलला की पलीकडे कोणी बोलत नसे. तो अजून इथेच फोन करतोय, म्हणजे ती त्याला सापडलेली नाही, असं म्हणून मावशी मनाची समजूत घालायची.

मग फोन वाजायचाच थांबला. त्याला आठवडा झाला, आणि आता मावशीला मनाची समजूत घालता येत नाही.