स्नायूतली चरबी

भावाने माझा उजवा हात पाठीमागे पिरगळला तेव्हा खांद्यात कट्‌ असा आवाज झाला. लालबागच्या चाळीतली आमची खोली पुनर्विकासात कुणाच्या नावावर जाणार, यावरून सकाळीच जुंपली होती. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तरुणपणी कबड्डीत कोपरा सांभाळायचा. पकड तीच होती. मनगट धरायचं, वळवायचं, सोडायचं नाही. मी गुडघ्यावर आल्यावर त्याने आणखी एक झटका दिला.

"सही करतोस, की दुसरापण काढू?"

शेजाऱ्यांनी सोडवलं. मी पोलीस ठाण्यात गेलो.

"आधी एमआरआय काढा," हवालदार म्हणाले. "खांदा फाटलेला निघाला तर गंभीर दुखापत. मग गुन्हा."

गुन्हा दाखल झाला असता तर भावाची सरकारी नोकरी गेली असती. मला तेच हवं होतं.

परळच्या इस्पितळात मी वीस मिनिटं यंत्राच्या नळीत पडून होतो. कानाशी घण घातल्यासारखा आवाज. दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी पडद्यावर खांदा दाखवला. हात वर उचलणारा स्नायू हाडापासून तुटून आत सरकला होता. त्यात पांढरे पट्टे दिसत होते.

"ही चरबी. तुटलेला स्नायू नुसता पडून राहिला की त्यात भरते. दोन-चार दिवसांत एवढी नाही होत. आताची आहे ती थोडी सूज. फाटलंय ते जुनं. आधी कधी मार लागला होता?"

"नाही," मी म्हणालो.

लागला होता. दोन वर्षांपूर्वी, याच खोलीवरून, मी क्रिकेटची बॅट दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डोक्यावर घातली होती. तो वाकला. बॅट गॅलरीच्या लोखंडी खांबावर बसली आणि चिरली. माझा हात खाली लोंबला. मग तोच मला व्यायामशाळेजवळच्या मालीशवाल्याकडे घेऊन गेला. मालीशवाला म्हणाला, "शीर चढलीय." त्याने बगलेत पाय रोवून हात ओढला. मी ओरडू नये म्हणून भावाने तोंडात रुमाल कोंबला. आई तेव्हा होती. तिला आम्ही सांगितलं, जिन्यावरून पडला. त्यानंतर दोरीवर कपडे मी डाव्या हाताने टाकत आलो.

रिपोर्ट घेऊन ठाण्यात गेलो तर भाऊ बाकावर बसलेला. हवालदारांनी त्याचा जबाब वाचून दाखवला. याचा हात मीच पिरगळला, असं त्याने सांगितलं होतं. जबाबात बॅटीचा उल्लेख नव्हता.

मी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि बॅटीचं सांगितलं.

"म्हणजे आता तुमच्यावर घेऊ? खुनाचा प्रयत्न?"

"नको साहेब," भाऊ म्हणाला. "याचा नेम लहानपणापासून वाईट."

हवालदार हसले. आम्ही हसलो नाही. मी तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं. दोघांनाही त्याच खोलीत जायचं होतं, तरी आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंनी चालत गेलो.