जीपच्या सिटांत घरचा कापूस

आमच्या आबांची जीप सरकारी लिलावातली. पूर्वी ती कुटुंब नियोजनाच्या कामावर फिरायची. आबांनी तिला कितीदाही हिरवा रंग मारला, तरी उन्हाळा आला की दारावरचा लाल त्रिकोण खालून डोकं वर काढायचाच. त्या त्रिकोणासकट आम्ही माझ्या भावासाठी मुलगी बघायला धुळ्याला गेलो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला खोटारडी म्हणायला नको.

भाऊ पस्तिशीला टेकलेला. भडगावजवळ शेती आहे, केळी आहे, कापूस आहे, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. पण शेती करतो म्हटलं की मुलीकडचे पुढचा फोनच उचलत नाहीत. धुळ्याच्या या एका मुलीने मात्र 'या' म्हणून निरोप पाठवला. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मला जळगावहून बोलावून घेतलं. हे स्थळ गेलं तर पुढे कुणी विचारणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणी नव्हतं.

आता जायचं कशाने? मी म्हटलं, चांगली भाड्याची गाडी करा. आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दारमा जीप शे, नि भाड्यानी गाडी?" जीप होती हो, पण तिच्यात बसायचं कशावर? मागे समोरासमोर दोन लांब सिटा, रेक्झिन फाटून स्प्रिंगा वर आलेल्या. दिवाळीत आईचं नवं लुगडं एका स्प्रिंगेने असं धरलं की शेवटी कात्रीने सोडवावं लागलं. "अशी फाटक्या पदराने व्याह्यांच्या दारात उतरू का?" असं आईने विचारलं, तेव्हा कुठे आबांनी पाचोऱ्याहून सीटवाला बोलावला.

त्याने जुनं सगळं उपसून काढलं. आतून काथ्या निघाला, उंदरांचा संसार निघाला आणि पाळणा लांबवण्याच्या माहितीपत्रकांचा एक गठ्ठा निघाला. आईने तो भावाच्या नजरेला पडायच्या आत पदराखाली झाकून बंबात घातला. शुभकार्याला निघायचं आणि हे काय मेलं अवलक्षण, म्हणाली.

सीटवाला म्हणाला, फोम टाकतो. आबा त्याच्याकडे बघतच राहिले. "घरमा इतला कापूस शे, नि फोम इकत लेऊ का?"

कापूस होता खरा. भाव आल्याशिवाय विकायचा नाही हा आबांचा हट्ट. पुढच्या दोन खोल्या छतापर्यंत भरलेल्या, माणसं उरलेल्या जागेत अंग चोरून. आणि कापूस असा घरात साठून राहिला की त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण कातडी सोलून काढावीशी वाटते. मी आल्यापासून खाजवत होते. "होईल सवय," आई म्हणाली, "आम्हाला आता कळतसुद्धा नाही." आणि देवाशप्पथ, ती तिघं जेवताना, बोलताना, पोथी वाचताना खाजवत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता!

तोच कापूस, सरकीसकट, सिटांत ठासला. वरून लालभडक रेक्झिन, मध्ये पितळी बटणं. काय थाट! भाऊ तर दोनदा उगाचच बसून आला. यात काही घोटाळा आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

वरून ऊन, खालून इंजिनाची ऊब. पारोळा सुटलं आणि सिटांतल्या किड्यांना जाग आली. धुळ्यात उतरलो तेव्हा आमच्या पाठी पेटल्या होत्या.

मुलीच्या बापाने आदराने सोफ्यावर बसवलं. आबांनी गुडघा खाजवला. आईने पदराआडून कंबर खाजवली. मी कपबशी खाली ठेवून मान खाजवली आणि लाजेने मरून जावंसं वाटलं. भाऊ एकटाच दात-ओठ खाऊन ताठ बसला होता, कपाळावरून घाम ओघळत होता. तो काय सोसत होता ते मलाच ठाऊक. शेवटी त्याचाही धीर सुटला आणि त्याने सोफ्याच्या पाठीला बैलासारखी पाठ घासली. मुलीच्या बापाने आपली खुर्ची जरा मागे घेतली.

"वाटेत काही चावलं का?" त्यांनी विचारलं.

"छे छे," आबा मोठ्या अभिमानाने म्हणाले, "हे आमच्या घरचंच आहे. सगळ्यांनाच आहे."

खुर्ची आणखी मागे गेली. संपलं, मी मनात म्हटलं. मला आबांचा इतका राग आला, इतका राग आला की काय सांगू!

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. आमच्याकडे बघत दारातच थांबली आणि सरळ भावाला विचारलं, "घरात कापूस भरलाय?"

"हो."

"आणि गाडीत?"

"सिटांत," भाऊ म्हणाला.

ती बाहेर गेली, जीपची सीट दाबून बघितली, दारावरचा त्रिकोण बघितला आणि पोट धरून हसली. आम्हीही हसलो, खाजवत खाजवत. मग ती आत आली आणि गंभीर झाली.

"दहावीपर्यंत आम्हीही गावीच होतो," ती आबांना म्हणाली. "कापसाच्या ढिगावरच झोपायचे मी. शाळेत माझ्या बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. मी शेतकऱ्याच्या घरी यायला तयार आहे, आबा. कामाला भीत नाही. पण मी येईन तेव्हा घरात कापूस नको. भाव येवो न येवो."

आबा नमस्कार करून उठले आणि जीपकडे निघाले. परतीच्या वाटेवर भाऊ खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला काही विचारायची माझी छाती झाली नाही. आबांनी आजवर कुणाच्या शब्दाखातर कापूस विकलेला नव्हता, आईच्याही नाही.

सकाळी दारात व्यापाऱ्याचा ट्रक उभा. दोन्ही खोल्या रिकाम्या होत आल्या होत्या, आणि आबा जीपमध्ये गुडघ्यांवर बसून विळ्याने नवी सीट उसवत होते. भाऊ धावत गेला.

"आबा, निदान ह्या राहू द्या. आणि भाव चढतोय म्हणतात सगळे. आठ दिवस थांबा ना, तिला कुठे कळणार आहे?"

आबांनी मान वर केली नाही. मूठमूठ कापूस ओढून पोत्यात भरत होते.

"भाव पुढला साल बी येई," ते म्हणाले. "सून येई का?"

आणि त्यांनी दुसरी सीट उसवायला घेतली.