धारूरच्या घाटात ऐकलेली घरघर

माझे वडील सिरसाळ्याला गुराढोरांचे डॉक्टर होते. गोठ्यागोठ्यांतून हिंडणाऱ्या या माणसाने पन्नाशीत पुण्याहून दोन सीटची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार आणली. आई आठ दिवस बोलली नाही. मग एका सकाळी डोक्याला रुमाल बांधून आपणहून शेजारी जाऊन बसली.

वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. गेल्या हिवाळ्यात ती मागून घरघरायला लागली, तेव्हा मी ती धारूरच्या मिस्त्रींकडे नेली. वडील होते तोवर तिला यांच्याशिवाय दुसऱ्या कुणा मिस्त्रीने हात लावला नव्हता. मिस्त्री आता सत्तरी ओलांडलेले. मी बोलत होते आणि ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"जोरात बोल माय, कान गेलेत माझे. पैले नुसत्या आवाजावर सांगायचो. आता तू ऐक आन मला सांग."

आम्ही घाटात निघालो. गाडी मी चालवत होते.

"चढाला पाय दाबला की कसा आवाज येतो?"

"भुंग्यासारखा!" मी ओरडले.

"आन पाय काढल्यावर?"

"जाड होतो!"

"वळणावर वाढतो का?"

"नाही!"

"मग चाकाचं न्हाई. पिनियनचं बेअरिंग हाय."

गॅरेजात त्यांनी डिफरन्शियलचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचं, तेल परातीत सोडलं. काळ्या तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता. पिनियन, म्हणजे त्या पेटीतलं छोटं दातेरी चाक, हाताने हलवला तर डुगडुगला. दात मात्र शाबूत होते.

नवी बेअरिंगं यायला आठवडा लागला. ती बसवल्यावर मिस्त्रींनी दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला आणि चाक फिरवलं. दातावर दात कुठे टेकतो, ते पुसलेल्या शेंदरावरून कळतं. ठसा कडेला पडला होता. पिनियन किंचित सरकावा म्हणून त्याच्यामागची पातळ चकती बदलून त्यांनी सगळं पुन्हा जोडलं. चौथ्या खेपेला ठसा मध्यावर आला.

"सायबांना हे बघायला लई आवडायचं," ते म्हणाले. "इथंच स्टूल टाकून बसायचे."

घाटातून पुन्हा एक फेरी मारली. आता फक्त वारा ऐकू येत होता. वर एका टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा मिस्त्री वडिलांविषयी बोलत राहिले. विताना अडलेली एक शेळी वडिलांनी या गाडीत शेजारच्या सीटवर बसवून दवाखान्यात नेली होती, हे मला त्या दिवशी कळलं.