इनासचा बारा इंची स्पीकर

फिलूचा फोन आला तेव्हा मी उमेळ्याच्या आमच्या वाडीत केळीच्या बुंध्यालगत फुटलेली पिलं काढत होतो. हात चिखलाने भरलेले, म्हणून बायकोने फोन माझ्या कानाला धरला. "दत्ताभाऊ, इनास गेला," फिलू म्हणाली, आणि लगेच, जणू हेच सांगायला फोन केला होता तशी, "अकराला चर्चमधी मिस्सा हाय. तुमी दहालाच या. कोनाला काय सुचत नाय इथं." मी हात धुतले, शर्ट बदलला आणि राजोडीला निघालो. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की फिलू रडत नव्हती. चार दशकं इनासची बायको म्हणून काढलेल्या बाईला बहुधा त्याचाच स्वभाव लागला होता... काम समोर असेल तर आधी काम.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. इनास आणि मी माणिकपूरच्या शाळेत पाचवीपासून एका बाकावर. तो राजोडीचा ख्रिस्ती, मी उमेळ्याचा हिंदू वाडवळ; त्याच्या डब्यात सुकी मासळी, माझ्या डब्यात केळफुलाची भाजी, आणि अदलाबदल रोजची. पुढे तो एका कारखान्यात फिटर झाला, मी टेलिफोन खात्यात चिकटलो. पण राजोडीपासून अर्नाळ्यापर्यंत इनासला फिटर म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तो गाणारा इनास होता. लग्नात, सणात, चर्चच्या गायनवृंदात, गळ्यात गिटार अडकवून तो गायचा, आणि शेजारी गिटारचा आवाज मोठा करणारा त्याचा चौकोनी काळा अँप असायचा. वर बटणं, खाली जाळीमागे बारा इंची स्पीकर, सगळं एकाच पेटीत. मुलीची पाठवणी करताना आमच्याकडे जे जुनं गाणं म्हणतात, ते इनासने म्हटल्याशिवाय या पट्ट्यातली नवरी गाडीत बसत नसे, असं म्हटलं तरी चालेल. आवाज मोठा नव्हता. जरा खरखरीत, खालच्या पट्टीतला, शेजारी बसून बोलल्यासारखा.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं होतं, तरी शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं... ते मी लिहीत नाही. घरी आल्यावर त्याने खिशात एक छोटी वही ठेवायला सुरुवात केली. त्यात पहिलं वाक्य लिहून त्याने ते फिलूला आणि मला दाखवलं. "रोझीच्या लग्नात मी वाजवणार."

रोझी त्याची एकुलती एक लेक. लग्न पाच महिन्यांवर होतं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही नुसतं माझ्याबरोबर चाला, तेवढं पुरे." त्याने मान हलवली. पुरे नव्हतं.

अँप बाहेर काढला तेव्हा दुसरा घोटाळा समोर आला. इनास दवाखान्यात असताना तो मागच्या खोलीत दमट भिंतीला लागून पडून होता. समुद्र हाकेच्या अंतरावर; तिथे लोखंड टिकत नाही, तर कागद काय टिकणार! स्पीकरचा शंकूसारखा कागदी कोन बुरशीने मऊ पडला होता आणि पहिलीच तार छेडताच कडेने फाटला. रोझी म्हणाली नवा अँप घेऊ. होणारा जावई म्हणाला हल्ली सगळं मोबाइलवरून होतं. इनासने वहीत लिहिलं, "पेटी चांगली आहे. फक्त स्पीकर बदलायचा." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी टेलिफोनवाला, सोल्डरिंग मला येतं, एवढ्यावर माझी नेमणूक झाली.

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. माणिकपूरला एका दुकानात बारा इंची स्पीकर मिळाला, जोडला, आवाज आला. सभेत भाषणासाठी वापरतात त्या जातीचा तो. गिटार वाजवल्यावर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटे. बोटं तारेवरून सरकली तरी कचकच ऐकू येई. मी म्हटलं, "स्वच्छ आहे की!" इनासने लिहिलं, "नको तेवढा स्वच्छ." स्पीकर परत.

मग नालासोपाऱ्याच्या एका बँडवाल्याकडे गिटारचा खरा स्पीकर निघाला, जुना पण धडधाकट. त्याच्यावर चार ओहम, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा, लिहिलं होतं. आमच्या फाटक्या स्पीकरवरचा छाप गंजून गेलेला, म्हणून मी मीटर लावून पाहिला. काटा साडेसहाच्या आसपास थांबला. मी हिशेब मांडला, साडेसहा म्हणजे चारही नाही आणि आठही नाही, तर चार चालून जाईल. इनासने वहीत मोठ्ठा आठ काढला. मीटरवर आठचा स्पीकर नेहमी थोडा कमीच दाखवतो, आणि चारचा लावला तर अँपवर भार येऊन तो तापेल, जळेल, हे त्याने पान भरून लिहिलं. एका फिटरने टेलिफोनवाल्याला शिकवावं, याचा मला राग आला. तेव्हा मी बोलून गेलो, "लग्नात कोण एवढं ऐकणार आहे, इनास? माणसं जेवायला येतात!"

त्याने वहीचं पान उलटलं. मग एकच अक्षर लिहिलं. "मी."

मी रागाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हा आमच्या अंगणात उभा, श्वासासाठी पाडलेल्या गळ्याच्या भोकावर पांढरा रुमाल, आणि फाटका स्पीकर पिशवीत. त्यालाच नवा कोन लावून घ्यायचं ठरवून आला होता. तोही प्रयत्न झाला. विरारच्या कारागिराने मन लावून केलं, पण आतली कॉइल कुठेतरी घासायची आणि खालच्या तारांना घरघर यायची. ती घरघर ऐकून इनासने हात मागे घेतला आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवली. तेवढा एक दिवस मी त्याला खचलेला पाहिला. फिलूने चहा आणला, त्याने घेतला नाही. "घशात गाठ व्हती तवाबी अशीच घरघर व्हती," ती मला बाहेर येऊन म्हणाली. "त्याला तीच ऐकू येतेय. दत्ताभाऊ, हे काढून टाका तिथून." मी तेव्हाच्या तेव्हा स्क्रू फिरवून तो स्पीकर काढला आणि बरोबर घेऊन गेलो.

लग्नाला एक महिना उरला होता. रोझीच्या साड्या, पत्रिका, मंडप, सगळं चाललं होतं, आणि आम्ही दोघे म्हातारे रिकामी पेटी आणि गिटार घेऊन टेम्पोतून मुंबईला ग्रँट रोडला गेलो. तिथे एका दुकानात गिटारचेच, बारा इंची, आठ ओहमचे दोन स्पीकर होते. दुकानदार भला माणूस. म्हणाला, क्लिपा लावून दोन्ही वाजवून बघा. पहिला लावला तेव्हा शेजारच्या दुकानातली माणसं डोकावली. "अंकल, हाच घ्या," दुकानदार म्हणाला, "तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज. मैदानात मारा, शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल." दुसरा त्यामानाने दबका.

इनासने दोन्हींवर तेच पाठवणीचं गाणं वाजवलं. मग वही काढली. "तुला माझा आवाज आठवतो?"

मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं?"

"मग डोळे मीट. कुठला ते सांग."

मला सूर कळत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगत. पण मी डोळे मिटले. त्याने क्लिपा बदलून बदलून वाजवलं, कुठला कुठे ते कळू न देता. एकात गाणं लांबून, मंचावरून आल्यासारखं येत होतं. दुसऱ्यात ते माझ्या शाळेतल्या बाकावर, डाव्या हाताला होतं... जरा खरखरीत, खालच्या पट्टीत. मला हुंदका आला, त्या अनोळखी दुकानात, दुपारी. "हा," मी म्हटलं. "हाच." डोळे उघडले तर क्लिपा दबक्या स्पीकरला होत्या. इनासने माझ्या पाठीवर थाप मारली आणि दुकानदाराला मानेने खूण केली, बांध.

लग्न राजोडीतच झालं. जेवणं आटोपली, पाठवणीची वेळ आली, आणि इनास अँपशेजारी खुर्चीवर बसला. काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने पहिली ओळ वाजवली. दुसरी वाजवली. मंडपात सगळे नुसते ऐकत होते, कित्येकजण खाली बघत. तिसऱ्या ओळीला भांड्यांकडच्या बायकांमधून कुणीतरी शब्द म्हटले. फिलूच होती ती, पाचूबंदर माहेर असलेल्या कोळणीचा खणखणीत गळा. मग तिच्या बहिणी, मग सगळा मंडप. इतकी वर्षं तो गायचा आणि आम्ही ऐकायचो; त्या दिवशी तो वाजवत होता आणि गाव गात होतं. इनासने डावीकडे वाकून आवाजाचं बटण थोडं मागे फिरवलं, लोकांचं गाणं वर यावं म्हणून. रोझीने गाडीचं दार धरूनच ठेवलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

त्यानंतर त्याला दोन वर्षं मिळाली. दर रविवारी तो चर्चमध्ये वाजवायचा, आणि घशाचं ऑपरेशन ठरलेले कुणी घाबरून घरी आले, तर त्यांना आधी वही दाखवायचा आणि मग गिटार. शेवटचं दुखणं मात्र छातीत उतरलं आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं.

इनासला जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्सेनंतर कुणी सुचवलं, अँप चर्चमध्ये ठेवावा. फिलू म्हणाली, "इथंच ऱ्हाईल. ज्याला वाजवायचाय त्यानं इथं यायचं." इनासची खाट तिने बाहेरच्या खोलीतून काढायला लावली आणि तिथे दोन बाकं आणून टाकली. आता गायनवृंद शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे जमतो. गिटार गावातली एक शिक्षिका वाजवते. अँप लावायला मी जातो. मी नसलो तर काम अडू नये, म्हणून फिलूने माझ्याकडून सगळं शिकून घेतलं आहे, आवाज शून्यावर आणून मगच बटण दाबायचं, हेसुद्धा.

गेल्या शनिवारी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसत, आणि अँपसमोर उभी राहून ऐकू लागली. "दत्ताभाऊ, ह्याचा आवाज बदललाय का? लग्नात जरा आखडल्यासारखा व्हता. आता मोकला वाटतो."

तिचं बरोबर होतं. नवा स्पीकर ताठ असतो, वाजवून वाजवूनच त्याचा कोन सैल होतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग मंगळवारी पन बोलवा सगळ्यांना." या आठवड्यापासून आम्ही दोनदा जमतो.