पाच फूट दहा इंचांतले शून्य

माझ्यासारख्या भिडस्त माणसाने संगणकाचा प्रोग्रॅम लिहू नये, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, पाहुण्यांच्या देखत कळले.

मी शहाद्याच्या एका शाळेत संगणक शिकवतो. राहायला जवळच्या प्रकाशा गावी. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष दगाजी आप्पा यांनी सांगितले, म्हणून मी नोंदणीचा एक फॉर्म तयार केला. माहिती भरावी आणि संगणकाने अनुरूप स्थळे सुचवावीत, अशी योजना होती. फॉर्म मी फार काळजीपूर्वक बांधला होता. मोबाईल क्रमांक दहाच अंकी घेई. उंचीसाठी दोन चौकटी होत्या, एक फुटांची, एक इंचांची. इंचांच्या चौकटीत शून्य ते अकराखेरीज काही लिहिले की तो नम्रपणे परत पाठवी.

दुसऱ्याच दिवशी आप्पा घरी आले.

"मास्तर, तुन्हा फारम लोकेस्ना अपमान करी ऱ्हायना."

"काय झालं, आप्पा?"

"मन्हा साडूना पोऱ्या पाच फूट बारा इंच शे. फारम म्हनस, बारा चालस नही. पोऱ्या त्यान्हा, उंची त्यान्ही, आनि ठरावनार तुन्हा फारम?"

"आप्पा, बारा इंच म्हणजे सहा फूट होतात."

"मंग सहा फूट नहीच शे ना तो. पाच बारा शे."

खरे तर नववीच्या मुलांना मीच शिकवतो की, आत येणारी माहिती दारातच तपासावी. पण आप्पांना दुखवणे माझ्याच्याने होईना. त्या सायंकाळी मी एकेक करून सगळ्या तपासण्या काढून टाकल्या आणि उंचीची एकच चौकट ठेवली. त्यात कोणी कोणताही आकडा लिहावा. सर्वजण प्रसन्न झाले. नोंदी धडाधड येऊ लागल्या. एका उपवराने टिंब न देता उंची ५११ लिहिली, आणि माझ्या प्रोग्रॅमने त्या पाचशे अकरा फुटी तरुणाला आदराने आत घेतले!

एकच नियम मी शिल्लक ठेवला : वराची उंची वधूपेक्षा अधिक असावी, आणि फरक जितका कमी तितके गुण जास्त. हा नियम कोणी मागितला नव्हता. तो मला आपोआपच सुचला होता. (या वाक्याबद्दल मला आजही लाज वाटते.)

आता घरची गोष्ट. माझी मुलगी हेतल नंदुरबारच्या एका दवाखान्यात रक्त तपासते. वय एकोणतीस, उंची पाच फूट दहा इंच. आधीची दोन स्थळे तिची उंची पाहून चहा अर्धा टाकून उठली होती. तेव्हा तिने मला शांतपणे सांगितले होते, "बाबा, अजून एकदाच. त्यानंतर मी कोणापुढे ट्रे धरणार नाही." तिची माहिती मी स्वतः भरली, ५.१० अशी, आणि निर्धास्त झालो. संगणकाने सुचवलेले पहिले नाव होते कळसाडीचा निलेश. कृषी पदवीधर, घरची केळी आणि ऊस. अनुरूपता अठ्ठ्याण्णव टक्के. उंची : सुयोग्य. दोन्हीकडच्या छायाचित्रांत चेहरे तेवढे होते. आम्ही रविवारी सकाळी बोलावणे धाडले.

गाडी दारात थांबली. निलेशची आई उतरली, मामा उतरले आणि त्यांच्यामागून एक हसतमुख, ठेंगणा तरुण उतरला. मी अदबीने विचारले, "हे धाकटे भाऊ का?"

"धाकला कसाना? हाऊच निलेश," मामा म्हणाले.

त्यांना बैठकीत बसवून मी आतल्या खोलीत गेलो आणि यादी उघडली. निलेश : ५.२. हेतल : ५.१. मी पाच दशांश दहा लिहिले होते. संगणकाने शेवटचे शून्य निरुपयोगी समजून टाकून दिले होते. माझ्या उभ्या मुलीचे नऊ इंच त्या एका शून्यासोबत गेले होते. आणि ते जाऊ न देणाऱ्या दोन चौकटी मीच काढल्या होत्या.

मी स्वयंपाकघराकडे धावलो. पत्नी ट्रेमध्ये कप मांडत होती.

"ऐक, हेतलला म्हणावं, बसूनच ये."

"बठीसन कशी येई ती? सरकत सरकत?"

"मग ट्रे तू ने."

"आनि लगीन भी मीच करू का?"

तोवर हेतल ट्रे घेऊन निघालीसुद्धा. बैठकीच्या चौकटीपाशी तिने सवयीने मान झुकवली, आत आली आणि सरळ झाली. निलेश नमस्कारासाठी उभा राहिला. त्याचे डोके तिच्या हनुवटीपर्यंत आले.

निलेशची आई मामांना म्हणाली, "भाऊ, कागदवर अठ्ठ्यान्नव टक्का व्हतं ना?"

"व्हतं. बाकीना दोन टक्का आते दिसी ऱ्हायनात."

मी हात जोडले. चूक माझी, असे म्हणून त्या शून्याची सगळी हकीकत सांगितली. त्या माउलीने ती नीट ऐकून घेतली.

"म्हंजे एक शून्य पडनं, ते पोर इतली वाढनी?"

हेतल माझ्याकडे पाहत होती. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती ट्रे टेबलावर ठेवण्यासाठी वाकली. हा तिचा शेवटचा ट्रे आहे, हे मला स्पष्ट दिसत होते.

"ठेवू नका, माझा कप द्या," निलेश म्हणाला. "मी खरीच उंची भरली होती. पाच दोन."

"मग त्या यादीत खरं लिहिणारे तुम्ही एकटेच," हेतल म्हणाली.

"केळीचा घड उतरवायला मला स्टूल लागतं. तुम्हाला?"

"मला कोणी घड उतरवायला बोलावलं नाही अजून."

"बोलावलं तर?"

दोघे अंगणात गेले. दहा मिनिटे ठरली होती, चाळीस झाली. मी खिडकीपाशी उभा होतो. (ऐकत नव्हतो, उभा होतो.) मध्येच हेतलचे मोठ्याने हसणे ऐकू आले. ते मी फार दिवसांनी ऐकले. निलेशची आई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती.

"मास्तर, आठ वरीस व्हयनात, ह्या पोऱ्यानी मोबाईलमाईन मान वर कयी नही," ती म्हणाली. "आज पहा. चाळीस मिनिटं वर करीसन बोली ऱ्हायना."

लग्न ठरले.

त्यानंतर मी प्रायश्चित्त म्हणून सर्व तपासण्या पुन्हा बसवल्या. दोन चौकटी आल्या, दहा अंक आले, हेतलचे दहा इंचही परत आले. पाचशे अकरा फुटी तरुणाला फोन करून पाच अकरावर आणले. मंडळाने ठराव केला की, यापुढे मास्तरांनी एकही नियम कोणाच्या सांगण्यावरून काढू नये. मग मी जमलेल्या विवाहांत हेतल आणि निलेश यांची नोंद करायला बसलो. पडद्यावर लाल अक्षरे आली : वराची उंची वधूपेक्षा कमी आहे. नोंद स्वीकारता येत नाही.

म्हणजे माहिती पहिल्यापासून अचूक असती, तर हे नाव त्या प्रोग्रॅमने आम्हाला कधी दाखवलेच नसते. तो नियम काढण्यासाठी मी आप्पांकडे गेलो.

"ठराव म्हंजे ठराव, मास्तर," आप्पा म्हणाले.

मी घरी आलो, दार लावून घेतले आणि हेतलच्या नावापुढे फूट पाच, इंच एक असे लिहिले. नोंद तत्काळ स्वीकारली गेली. आमच्या मंडळाचा फॉर्म आज तालुक्यात सर्वांत काटेकोर मानला जातो. त्यात खोटी नोंद एकच आहे, आणि ती तपासणी लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरलेली आहे.