साडेपाच अंशांचा प्रवास

उल्हासनगरच्या एका दुकानदाराने मला साडेपाच अंशांनी फसवले. आधी हे सांगतो, मग प्रवास.

चामटोलीहून सकाळी दुधाच्या टेम्पोने निघालो. घरी अंडी उबवायची नवी पेटी होती. हाताने ऊब अजमावल्यामुळे पहिल्या खेपेची साठ अंडी नासली होती. नवी साठ टोपलीत तयार होती. बायकोने निघताना बजावले, "या खेपेला अंडी गेली, तर पेटी विहिरीत."

बदलापूरला एसटी धरली. अंबरनाथ आले ते नाकाला आधी कळले. कारखान्यांचा वास खिडकीतून तिकीट न काढता आत येतो. उल्हासनगरात उतरून दालपकवान (कुरकुरीत पुरी आणि चण्याची डाळ) खाल्ले आणि तापमापकाच्या दुकानात शिरलो. पेटीच्या कागदावर साडेसदतीस सेल्सिअस लिहिले होते. दुकानात मात्र सगळे तापमापक फॅरनहाइटचे.

"नऊने गुणा, पाचाने भागा, बत्तीस मिळवा," दुकानदार म्हणाला.

"एवढं कोण करत बसणार? काही कमी करा."

"चलो साईं (शेठ), तुमच्यासाठी बत्तीसचे तीस. आणि नऊ-पाच छोडो, सीधा डबल."

मी काय कच्चा नाही. म्हटले, "दोन्ही रीतींनी करून दाखवा." त्याने दहा अंश घेतले. लांबच्या रीतीने अठरा अधिक बत्तीस, पन्नास. माझ्या रीतीने वीस अधिक तीस, पन्नास. भाव पाडून निघाल्याच्या आनंदात मी साडेसदतीसचे एकशे पाच केले, तापमापक विकत घेतला आणि परतीची एसटी पकडली.

गाडी अंबरनाथला पंक्चर झाली. चहाच्या टपरीवर बाकावर बॉयलर चालवणारे एक काका बसले होते. त्यांना मी सौदा ऐकवला.

"एकशे पाच?" त्यांनी कप खाली ठेवला. "एवढा ताप चढला की माणूस बरळतो. अंड्यातलं पिल्लू काय करेल?"

"पण दोन्ही रीतींनी पन्नासच आले!"

काकांनी भज्यांच्या कागदावर मांडले: नऊ-पंचमांश क्ष अधिक बत्तीस, बरोबर दोन क्ष अधिक तीस. दोन्हीकडून तीस गेले, नऊ-पंचमांश क्ष गेले. इकडे दोन उरले, तिकडे क्ष-पंचमांश. म्हणजे क्ष बरोबर दहा.

"या दोन रीती आयुष्यात एकदाच भेटतात दादा, दहा अंशांवर. तुमचा खरा आकडा साडेनव्याण्णव. घासाघीस मेथीच्या जुडीवर करावी, समीकरणावर नाही."

टपरीवाला हसला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

संध्याकाळी घरी पोचलो. बायकोने विचारले, "किती?" मी म्हटले, "साडेनव्याण्णव," आणि काटा तिथे येईपर्यंत पेटीसमोरून हललो नाही. मगच साठ अंडी आत ठेवली. हिंडल्याने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी झालो, पण पंक्चर झाले म्हणून.

मी घासाघीस केली, कबूल. ती माझी सवय आहे. पण साईं, तुम्ही जगातले सगळे आकडे सोडून नेमके दहाच का उचललेत? दहा अंशांवर अंडी कोण उबवतो? चामटोलीला या, माझ्या बायकोसमोर उभे राहा आणि उत्तर द्या.