नीळ घातलेला पांढरा

रविवारचं जेवण झालं की आमच्या बेटावरचं अख्खं गाव आडवं होतं. पोटात तारोचे कंद आणि त्याच्याच पानांत नारळाचं दूध बांधून भाजलेली पालुसामी, अंगाखाली चटई, आणि लांब खडकांच्या रांगेवर समुद्र माणसांच्या बरोबरीनं घोरत असतो. त्या वेळी जागी एकटी लेऊते. बिनभिंतीच्या घराच्या खांबाला टेकून, मांडीवर जुना लॅपटॉप घेऊन ती बसायची. पडद्यावर फोटो वर यायचे ते उथळ पाण्यात मासे येतात तसे, आधी सावली, मग अंग.

लेऊतेचा जन्म पांढऱ्या कापडात गेला. वर्षातून एकदा पांढरा रविवार येतो. पोरं पांढरं घालून चर्चात पाठ म्हणतात आणि दुपारी मोठ्यांच्या आधी जेवायला बसतात. त्या पोरांचे कपडे लेऊतेच शिवायची, तीच धुवायची. फोटोच्या नादाला ती लागली धाकट्या बहिणीपायी. पेनिना ऑकलंडला फळं भरायच्या कारखान्यात. जाताना रांगती लेक फेतू थोरलीच्या ओटीत घालून गेली. फेतू आता सात वर्षांची. लेऊतेला स्वतःचं मूल नाही.

फोनवर पेनिना म्हणाली, "अक्का, पांढऱ्या रविवारचा एक चांगला फोटू धाड. फोनवर पोरगी नुसती अंधुक दिसती. रोडावलीया का काय कळंना. तसं आसंल तर नाताळात घिऊन येती हिकडं."

"धाडते की," लेऊते म्हणाली.

फोटो तिनं चर्चाच्या पायरीवर काढलेला. हात शिवणारणीचा, म्हणून पहिली धरली पडद्यावरची कात्री. पायरी कापली, शेजारच्या पोरांची कोपरं कापली, छातीपासून वरची फेतू तेवढी ठेवली. व्हिडिओतली शिकवणारी बाई सांगायची, फोटोतलं पांढरं नाहीतर राखी काहीतरी दाखवा, रंग आपसूक जागेवर येतील. लेऊतेनं झग्यावर बोट ठेवलं. सगळा फोटो ऊबदार झाला, कलत्या उन्हात न्हाल्यासारखा. तिला तो बरा वाटला. दिला धाडून.

फोन लगेच आला.

"अक्का, पोरीला कावीळ झालीया?"

"आगं ठणठणीत हाय. सकाळीच निम्मा नीरफणस हादडलाय तिनं."

"मग पिवळी कशानं?"

"शिकतीया मी अजून."

"शिकतीयास का झाकतीयास? मी तिकीट बघती."

पुढल्या रविवारी गाव निजल्यावर लेऊतेनं तोच फोटो पुन्हा उघडला. रंगाची पट्टी एका अंगाला सरकवली की पोरगी पहाटेच्या निळ्यात जायची, जाळी घेऊन माणसं निघतात त्या वेळच्या. दुसऱ्या अंगाला सरकवली की चुलीतले दगड तापल्यावरची संध्याकाळ. लेऊते पट्टी हलवत राहिली. कधी न झालेल्या सकाळी, कधी न झालेल्या सांजा, आणि सगळ्यांत फेतू तिच्याकडंच बघत बसलेली. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग तिनं उजेड वाढवला, गाल जरा भरले, कपाळावरचा देवीच्या खुणेसारखा वण पुसला, उन्हानं रापलेला रंग उजळला.

शेजारची म्हातारी लेपेका कुशीवर वळली, एक डोळा उघडून म्हणाली, "कुणाची गं ही?"

"फेतू."

"व्हय का. मला वाटलं बिस्किटाच्या डब्यावरची."

"नीज की गपचिप."

"निजते. पण हिची आय हिला वळखायची न्हाय."

लेऊतेनं बोट उचललं. हा फोटो गेला तर पेनिनाचा जीव भांड्यात पडेल आणि पोरगी इथंच राहील. पण पडद्यावर बसलेली पोर आजारी नव्हती तशी कुणाचीच नव्हती. हिला ठेवून घेऊन करायचं काय?

तिनं केलेले सगळे बदल पुसले आणि नुसत्या झग्याकडं बघत राहिली. बघता बघता तिच्या ध्यानात आलं. झगा पांढरा दिसावा म्हणून शेवटच्या पाण्यात तिनंच नीळ घातलेली. निळ्यावर बोट ठेवून यंत्राला सांगितलं हे पांढरं, मग त्यानं वरून पिवळं ओतलं, त्याचा काय दोष? नीळ न लागलेलं काय होतं तिथं? पायरी. उघड्या सिमेंटची, राखी पायरी. ती तर तिनंच कापून टाकलेली.

नशीब, कॅमेऱ्याच्या कार्डात मूळ फोटो तसाच होता. तिनं त्याची नक्कल केली आणि मूळ बाजूला ठेवलं, मापाचा जुना झगा ठेवतात तसं, हात न लावता. मग पायरीवर बोट ठेवलं. पिवळं ओसरलं. फेतू तिच्या स्वतःच्या रंगात वर आली, तांबूस काळी, कपाळावर वण, डोळे बारीक केलेले. उजेड थोडा. कात्री सगळ्यात शेवटी, तीही जपून, पायरी राखून. झग्यावर किंचित निळी झाक राहिली. ती तिनं राहू दिली. ह्या क्रमानं तिनं पुढं गावातले सगळे फोटो केले.

फोटो गेला. फोन उशिरा आला.

"अक्का, गळपट्टी टोचतीया तिला."

"कशावरनं?"

"मान लाल दिसती की. उजव्या अंगाला."

"खळ जरा जास्त झाली," लेऊते म्हणाली.

"मलाबी टोचायची. सांगायचे तर तू म्हणायचीस, बस गप."

"म्हणायचे खरी."

मग पेनिना म्हणाली, "रोडावलेली न्हाई. उंच झालीया. मी बारकं पोर बघत बसले हुते त्यात." नाक ओढल्याचा आवाज आला. "नाताळात मीच येती. न्यायला न्हाई. आठ दिस ऱ्हाती. मग हिकडं येतीस का, तिला इचारू दोघी मिळून."

"ये," लेऊते म्हणाली. "आणि ती हो म्हणली तर?"

"तर तुला फोटू धाडायला मला शिकव."

लेऊतेनं फोन ठेवला आणि दुसरा फोटो उघडला. लेपेकाचा नातू, तोंड उघडं, पाठ विसरलेला.

"त्याचा शेंबूड तेवढा पूस," म्हातारी डोळे मिटूनच म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. त्याच्या ऑकलंडच्या मामाला वळखायला बरा," लेऊते म्हणाली, आणि पायरी शोधू लागली.